पाच इंचाचा चौकोन आणि त्यातून निघणारे गोधडीचे ब्लॉक

गोधडी शिवायला निघालेल्या बऱ्याच जणी मोबाईलवर एखादी आठ टोकांची चांदणी बघतात आणि तिथेच हातपाय गाळतात. एवढे त्रिकोण कधी कापायचे, कधी जुळवायचे! खरं तर त्यातले बहुतेक त्रिकोण कोणी त्रिकोण म्हणून कापलेलेच नसतात. दोन चौकोन एकावर एक ठेवून शिवतात आणि नंतर कापतात. आधी शिलाई, मग कात्री. एवढं एक ध्यानात ठेवलं तर साध्या चौकोनातून भिंगरी निघते, डमरू निघतो, चांदणी निघते आणि तिरपं कापड ओढलं जाऊन वाकडंतिकडं होण्याची भीती राहत नाही.

दुसरं म्हणजे माप एकच धरायचं. घर म्हणजे ब्लॉकमधला एक चौकोन; घरं जोडून ब्लॉक होतो आणि ब्लॉक जोडून गोधडी. या लेखात प्रत्येक तयार घर ५ इंचांचं आहे. घर साधं असो, दोन त्रिकोणांचं असो की चार त्रिकोणांचं, शेवटी छाटून ते ५ इंचांवर आणायचं. मग कुठलंही घर कुठेही बसतं आणि मांडणी बदलायला मोकळं रान मिळतं.

कापड

नागपुरात कापडाला तोटा नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथेच सुरू झाली, केंद्रीय कापूस संशोधन संस्थाही इथेच आहे. तरी घरातलं कपाट उघडलं की निम्मं पॉलिस्टरच बाहेर येतं, तो भाग वेगळा. सुरुवातीला विकत काही आणू नका. संक्रांतीच्या हळदीकुंकवात आलेले ब्लाउजपीस आधी काढा. त्यातले सुती कोणते ते बघायला कडेचा एक दोरा ओढा आणि स्टीलच्या वाटीवर धरून काडीने पेटवा. सुती दोऱ्याला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची टणक गोळी होते. गोळी झालेले बाजूला ठेवा. ते इस्त्रीने नीट बसत नाहीत आणि सुती कापडाशेजारी शिवले की शिवण चुणते.

दुसरी खाण म्हणजे गल्लीतला टेलर. "भाऊ, सुती कात्रणं फेकू नका, शनिवारी मी घेऊन जाईन," असं सांगून ठेवलं की पोतं भरतं. विकतच घ्यायचं तर मॅचिंग सेंटरमधलं सुती टू बाय टू किंवा केंब्रिक चांगलं. साध्या रंगांचं अर्धा-अर्धा मीटर घेतलं तरी बरंच काम होतं. जास्त लागणार असेल तर इतवारी-गांधीबागेतल्या ठोक बाजारात एक चक्कर मारा, पण यादी करून जा. तिथे गेल्यावर गरजेपेक्षा दुप्पट कापड घेऊन परतण्याची खोड सगळ्यांनाच असते.

८० सेंटिमीटर लांब आणि ३६ इंच पन्ह्याच्या ब्लाउजपीसमधून नीट मांडल्यास ५ इंची ३६ चौकोन निघतात. कडेची घट्ट किनार मात्र चौकोनात घेऊ नका. ती धुतल्यावर वेगळी आक्रसते.

सगळं कापड आधी धुवा. लाल, मरून, गर्द निळा आणि खणाचे रंग तर वेगवेगळे भिजवा. ओल्या पांढऱ्या चिंधीवर दाबून बघा, डाग उमटला तर तो तुकडा परत भिजवा. तरीही रंग सोडतच असेल तर मोह आवरा, कारण एक मरून चौकोन पहिल्याच धुण्यात शेजारचे आठ गुलाबी करून ठेवतो.

धुतल्यावर खळ द्या, तांदळाच्या पातळ पेजेची किंवा साबुदाण्याची. ही पायरी नवीन माणसं हमखास गाळतात. खळ दिलेलं कापड कात्रीखाली सरकत नाही, तिरप्या कडेला ओढलं जात नाही आणि खडूची रेघ त्यावर स्पष्ट उमटते. आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात ते तासाभरात कडक होतं. पावसाळ्यात मात्र वाळायला दोन दिवस लागतात आणि कुबट वास येतो, तेव्हा अर्धवट ओलं असतानाच इस्त्री फिरवा. गोधडी पूर्ण झाल्यावर खळ धुऊन टाकायची, नाहीतर कसर लागते.

साचा आणि माया

साचा लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा करता येतो, पण त्याचे कोपरे लवकर झिजतात आणि शेवटचे चौकोन पहिल्यांशी जुळत नाहीत. त्यापेक्षा नावाच्या पाट्या करणाऱ्याकडून ॲक्रिलिकचे तीन चौकोन कापून घ्या: ५ इंच, साडेपाच इंच आणि ६ इंच. ५ इंची चौकोनावर न पुसणाऱ्या मार्करने कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरप्या रेघा मारा. त्या पुढे फार उपयोगी पडतात. पाठीला बारीक सँडपेपरचे तुकडे चिकटवले तर साचा कापडावर घसरत नाही. रोटरी कटर (गोल फिरत्या पात्याची सुरी) आणि खाली ठेवायची मॅट असेल तर काम झपाट्याने होतं, पण पहिल्या गोधडीसाठी तो खर्च करायलाच हवा असं नाही. धारदार कात्री पुरते. तीच कात्री घरात कोणी कागद कापायला घेऊ नये, एवढा बंदोबस्त ठेवा.

साचा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवायचा, बारीक टोकाच्या खडूने आखायचं आणि रेघेच्या आतून कापायचं. रेघेवरून किंवा बाहेरून कापलं तर प्रत्येक चौकोन केसभर मोठा होतो.

शिलाईची माया, म्हणजे शिवणीच्या बाहेर सोडलेली कड, पाव इंच; टेलरच्या भाषेत दोन सूत. आपल्याकडच्या काळ्या पायमशीनच्या फूटची, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाची, कड सुईपासून बरोबर पाव इंचावर असेलच असं नाही, म्हणून डोळे मिटून तिच्यावर भरवसा ठेवू नका. पाव इंचावर रेघ मारलेला कागद सुईखाली ठेवा, सुई रेघेवर टेकवा आणि कागदाच्या कडेला लागून मशीनच्या पाटावर जाडसर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावा. कापड त्या पट्टीला घासत गेलं की माया चुकत नाही. सुई १४ नंबरची, टाके इंचाला १० ते १२, दोरा सुती.

आता परीक्षा घ्या. २ इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि रुंदी मोजा. बरोबर ५ इंच भरली पाहिजे. कमी भरली तर माया जास्त जाते आहे, जास्त भरली तर कमी. अर्ध्या सुताने काय होतंय, असं वाटतं. हिशोब करून बघा: माया अर्धा सूत जास्त गेली की दोन्हीकडचं मिळून प्रत्येक शिवणीत एक सूत कापड गिळलं जातं. रुंदीत १२ घरं असतील तर ११ शिवणी, म्हणजे गोधडी जवळजवळ दीड इंच कमी. त्यातही एक ओळ कमी आणि शेजारची बरोबर असली तर मग जोडताना रडारड. पट्ट्यांची परीक्षा पास झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

इस्त्रीबद्दल एवढंच की ती ओढायची नाही, दाबायची. शर्टावर फिरवतो तशी फिरवली तर चौकोनाचा पतंग होतो.

गडद आणि फिकं

रंगसंगतीची काळजी नंतर करा, आधी गडद-फिक्याची करा. नक्षी दिसते ती त्यामुळेच. लाल आणि हिरवा कितीही वेगळे वाटले तरी दोन्ही सारखेच गडद असतील तर भिंगरी शेजारून बघितली तरी ओळखू येणार नाही. तुकडे जमिनीवर मांडा, मोबाईलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. ज्यांच्यात फरक दिसतो ते दोन गट, जे मधेच लोंबकळतात तो तिसरा. संत्र्याचा रंग या तिसऱ्या गटातला पक्का बदमाश आहे. लिंबू रंगाशेजारी तो गडद होतो, मरूनशेजारी फिका. एका ब्लॉकमध्ये त्याला एकच भूमिका द्या. बारीक छापाचं कापड लांबून एकाच छटेचं दिसतं म्हणून ते वापरायला सोपं. मोठ्या फुलांचं कापड जिथे घर अखंड राहणार असेल तिथेच.

मांडामांड करायला भिंतीवर फलालीनचं कापड ताणून लावा, सुती तुकडे पिनेशिवाय त्यावर धरून राहतात. जमिनीवर मांडायचं तर पंखा बंद करावा लागतो, आणि मे महिन्यात नागपुरात ते कोणाला जमणार?

चारघरी आणि नऊघरी

हात बसवायला दोन गडद आणि दोन फिके ५ इंची चौकोन घ्या. सुलट बाजू आमोरासमोर ठेवून एक गडद आणि एक फिका जोडा, दुसरी जोडीही तशीच. दोन्ही जोड्यांची शिवण गडद कापडाकडे वळवून दाबा. आता एक जोडी उलटी करून दुसरीवर ठेवली की एकीची शिवण डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे पडते. बोटाने चाचपडलं तर त्या दोन शिवणी एकमेकींना भिडून बसल्याचं कळतं. तिथे पिन लावा आणि शिवा. मधला सांधा बरोबर जुळतो. ही चारघरी, कडेच्या मायेसकट साडेनऊ इंची. ही भिडवण्याची खुबी हाताला कळली की अर्धं शिक्षण झालं.

नऊघरीत तीन ओळी, प्रत्येकीत तीन घरं. पाच गडद आणि चार फिके. पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिवणी बाहेरच्या बाजूला दाबा, मधल्या ओळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे वरच्याप्रमाणेच भिडतील. तयार ब्लॉक १४ इंची. चारही बाजूंना पावणेदोन इंची पट्टी लावली तर १६ इंची उशीच्या अभ्र्याचा पुढचा भाग तयार.

तिरपं घर: इथे वेळ द्या

एक गडद आणि एक फिका चौकोन घ्या, पण साडेपाच इंची. सुलट बाजू आत ठेवून एकावर एक बसवा. फिक्याच्या उलट बाजूवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलीने रेघ मारा. या रेघेवर शिवायचं नाही. तिच्या एका बाजूला पाव इंच सोडून एक शिलाई आणि दुसऱ्या बाजूला पाव इंच सोडून दुसरी. मग रेघेवर कापा. उघडलंत की दोन घरं हातात येतात, प्रत्येकात अर्धं गडद आणि अर्धं फिकं.

शिवण दाबल्यावर माप साधारण ५ इंच एक सूत भरतं. आता ॲक्रिलिकचा ५ इंची चौकोन वर ठेवा, त्यावरची एक तिरपी रेघ बरोबर शिवणीवर आणा आणि चारही कडांनी डोकावणारी कातर छाटून टाका. कोपऱ्यांतून बाहेर आलेले मायेचे कानही जातात. हे छाटणं कंटाळवाणं आहे, पण भिंगरीची टोकं यानेच धारदार येतात. शिलाई सरळ जाते की नाही याची खात्री नसेल तर पावणेसहा इंची चौकोन घ्या, छाटायला जास्त कापड मिळेल.

आधी त्रिकोण कापून मग का जोडायचे नाहीत? कारण चौकोनाची तिरपी कड उरेब असते आणि उरेब ओढली की लांबते. ब्लाउजच्या गळ्याला आपण उरेब पट्टी लावतो ती याचसाठी, ती गोलाईला वळते. इथे तो गुण आपल्याला नको. शिवल्यावर कापलं की उरेब कड शिलाईत अडकून राहते. चौकोनाच्या चारही कडांना शिलाई मारून फुलीत कापायची आणि एका फटक्यात चार घरं काढायची, अशीही एक पद्धत चालते. तीत तयार घरांच्या बाहेरच्या कडा उरेब होतात. भरपूर खळ असेल तरच तिच्या वाटेला जा.

अशी चार घरं जमली की जमिनीवर बसून फक्त फिरवत राहा. चारही गडद कोपरे मध्याकडे आणले की मधे गडद शंकरपाळी. तेच बाहेर वळवले की फिकी शंकरपाळी आणि कोपऱ्यांना गडद त्रिकोण. चारही शिवणी मध्यबिंदूतून कोपऱ्यांकडे निघतील आणि गडद-फिकं एकाआड एक येईल असं ठेवलं की भिंगरी. चारही एकाच दिशेला ठेवले तर करवतीचे दात, आणि असे बरेच ब्लॉक शेजारीशेजारी लावले तर अख्ख्या गोधडीवर दातांच्या ओळीच ओळी दिसतात. चार घरांचेच एवढे प्रकार, १६ घरं मांडायला घेतलीत तर संध्याकाळचा स्वयंपाक राहून जाईल.

भिंगरीच्या मध्यात कापडाचे आठ थर एका टिंबावर येतात आणि तिथे गाठीसारखा उंचवटा होतो. इस्त्रीने तो बसत नाही. त्यावर उपाय उलट बाजूला आहे. ब्लॉकची शेवटची लांब शिवण मारून झाली की तिला आडव्या येणाऱ्या शिवणीचे मायेतले दोन-तीन टाके, फक्त लांब शिवणीच्या वरचे, सुईच्या टोकाने उसवा. दोन्ही बाजूंनी. मग लांब शिवणीचा अर्धा भाग वर आणि अर्धा खाली वळवा. चारही शिवणी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एकीमागे एक पडतात आणि बरोबर मध्यावर नखाएवढी चिमुकली भिंगरी उमटते. बोटाने चपटी करा, इस्त्री दाबा. सुलट बाजूने मध्य सपाट होतो. चारघरीलाही हे करता येतं, तिथे मागे नखाएवढी चारघरी दिसते.

चांदण्या

नऊघरीच्या जागा तशाच ठेवा, काही घरं तिरपी करा. मधे एक गडद, चार कोपऱ्यांत फिके, आणि उरलेल्या चार जागी तिरपी घरं. प्रत्येक तिरप्या घरातल्या गडद त्रिकोणाची एक अख्खी बाजू मधल्या गडद घराला टेकलेली हवी आणि चारही टोकं एकाच दिशेने फिरलेली हवीत. ही चार टोकांची चांदणी. लागणारं कापड: ५ इंची एक गडद आणि चार फिके, साडेपाच इंची दोन गडद आणि दोन फिके. एक टोक उलटं लागलं तर चांदणी लंगडते, आणि नेमकं ते शिवून झाल्यावर दिसतं. म्हणून प्रत्येक ओळ मशीनवर नेण्याआधी मांडणीचा फोटो काढून ठेवा.

हीच तिरपी घरं कोपऱ्यांत नेली, त्यांचे फिके त्रिकोण बाहेर वळवले आणि कडेच्या मधल्या चार जागी फिके चौकोन ठेवले की वेगळाच ब्लॉक होतो. करून बघा.

आठ टोकांच्या चांदणीला डमरू लागतो. ६ इंची गडद आणि फिका घेऊन वरच्यासारखीच दोन तिरपी घरं करा, पण छाटू नका. ती एकावर एक ठेवा, एकाचं गडद दुसऱ्याच्या फिक्यावर, शिवणी भिडवून. आता शिवणीला छेद देणारी दुसरी तिरपी रेघ मारा, परत दोन्ही बाजूंना पाव-पाव इंचावर शिलाई आणि रेघेवर काप. दोन डमरू. छाटताना साच्यावरच्या दोन्ही तिरप्या रेघा दोन्ही शिवणींवर आल्या पाहिजेत. एकाच बाजूने छाटलंत तर डमरूची कंबर सरकते.

अशा चार डमरूंना ६ इंची दोन गडद आणि दोन फिके पुरतात. नऊघरीत चांदणीच्याच चार जागी ते ठेवा. वरच्या डमरूत फिके त्रिकोण वर-खाली आणि गडद डावी-उजवीकडे, बाकीचेही तसेच: एक फिका मधल्या घराकडे, एक बाहेर. मोबाईलवर बघून घाबरायला लावणारी चांदणी हीच, आणि तिच्यात एकही त्रिकोण कात्रीने वेगळा कापलेला नाही.

शिवलेलं कापायचं

या प्रकाराला मन धजत नाही, पण सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त नक्षी यातूनच निघते.

१४ इंची नऊघरी घ्या. उभी-आडवी बरोबर मधोमध कापा, म्हणजे मधल्या घराच्या शिवणीपासून सव्वादोन इंचांवर. ७ इंचांचे चार तुकडे होतील. प्रत्येकात एक अख्खं घर, दोन अर्धी आणि एक पाव. चारही तुकड्यांना जागच्या जागी अर्धा वळसा द्या: आधी कोपऱ्यात असलेली मोठी घरं मधे येतात आणि मधल्या घराचे चार तुकडे कोपऱ्यांना जातात. चारऐवजी समोरासमोरच्या दोनच तुकड्यांना अर्धा वळसा दिला तर ठेवण विस्कटलेली, पण बघायला मजेची होते. नवशिक्यांना मी ही दुसरी आधी करायला सांगते, कारण तीत शेजारशेजारच्या तुकड्यांच्या शिवणी समोरासमोर येतच नाहीत. जुळवायचा फक्त मध्यबिंदू. परत जोडल्यावर ब्लॉक साडेतेरा इंची उरतो.

कापड कुठे ठेवायचं ते आधीच ठरवा. कोपऱ्यांची चार घरं अखंड राहतात, मोठी फुलं तिथे शोभतात. कडेच्या मधल्या चार घरांच्या पट्ट्या होतात, तिथे फिकं आणि बारीक छापाचं. अगदी मधलं घर चार छोट्या चौकोनांत वाटलं जातं, तिथे हातातलं सगळ्यात गडद साधं कापड. सगळ्या ब्लॉकमध्ये मधलं घर एकच ठेवलं तर बाकी चिंध्या कशाही असल्या तरी गोधडी बांधलेली दिसते.

चारघरीही अशी कापता येते. मधल्या उभ्या शिवणीच्या दोन्हीकडे १ इंचावर कापा, आडव्या शिवणीच्याही दोन्हीकडे १ इंचावर. पहिला काप दिल्यावर तुकडे हलवू नका, तसेच ठेवून दुसरा द्या. नऊ तुकडे होतात. कोपऱ्यांचे चार तसेच राहू द्या, कडेच्या चार पट्ट्यांना अर्धा वळसा आणि मधल्या पिटुकल्या चारघरीला पाव वळसा द्या. गडद कोपऱ्याला फिकी चौकट आणि फिक्याला गडद चौकट मिळते. जोडून ब्लॉक साडेआठ इंची होतो. पट्ट्या अरुंद असतात, माया चुकली तर इथे लगेच उघडं पडतं.

हे कापलेले ब्लॉक १४ आणि साडेनऊ इंचींपेक्षा लहान झालेले असतात. त्यामुळे एका गोधडीत कापलेले आणि न कापलेले मिसळायचे असतील तर लहानांना पट्टी लावून मापावर आणा.

ब्लॉकचं पांघरूण

पहिल्यांदाच करताय तर बाळाचं दुपटं करा. नऊ भिंगऱ्या, तीन बाय तीन, भोवती चार इंची पट्टी. साधारण ३४ इंची चौरस होतं. एकेरी पलंगासाठी कापलेल्या नऊघरीचे २४ ब्लॉक लागतात, चार बाय सहा. म्हणजे २१६ चौकोन, सहा-सात ब्लाउजपीस. जोडल्यावर ५२ बाय ७८ इंच होतं. कडेला साडेचार इंची पट्टी लावली की ६० बाय ८६.

भरणाला जुन्या मऊ सुती साड्या. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १० अंशांखाली उतरतो, तेवढ्यासाठी दोन साड्यांचे थर बास. कूलरच्या दिवसांत पहाटे ओढायला एकच थर. खाली अस्तर, मधे भरण, वर जोडलेलं कापड, तिन्ही ताणून कच्चे टाके घाला आणि मग धावदोरा. गोधडीत मुरलेल्या आज्या कडेने सुरू करून गोल गोल आत येतात आणि त्यांच्या हाताला चुणी पडत नाही. आपण मधून बाहेर जावं, सुरकुती कडेला सरकवता येते.

राहिली एक युक्ती. ५ इंची साध्या घराच्या कोपऱ्यावर अडीच इंची गडद चौकोन सुलट बाजू आत करून ठेवा, त्याच्या तिरप्या रेघेवर शिवा आणि कोपऱ्याकडचा भाग पाव इंच माया ठेवून कापा. घराला गडद कोपरा येतो, माप ५ इंचच राहतं. असे चार कोपरे मधे आणले की साध्या चारघरीत एक छोटी शंकरपाळी उगवते. कापण्याआधी कोपऱ्याच्या बाजूला अर्ध्या इंचावर आणखी एक शिलाई मारून घ्या आणि दोन शिलायांच्या मधून कापा. जो तुकडा एरवी चिंध्यांत गेला असता तो उघडला की तयार छोटं तिरपं घर असतं. दीड इंचावर छाटून डब्यात टाकत राहा, दुपट्याच्या किंवा पिशवीच्या काठाला एक अख्खी ओळ होण्याइतके बघता बघता जमतात.